वजीर नको, हत्ती

दातांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती. खिडकीखाली दगडी ओटा, ओट्यावर प्लास्टर कालवायची रबरी भांडी, गुलाबी मेणाचे तक्ते, स्पिरिटचा दिवा, पॉलिशची घरघरणारी मोटर. भिंतीवरच्या फळीवर लोकांच्या जबड्यांचे पांढरेशुभ्र साचे ओळीने मांडलेले असत. नवखा माणूस आत डोकावला तर दचकायचाच. सगळी फळी आपल्याकडे बघून हसतेय असं वाटायचं. या खोलीत वहिनी तीस वर्षं कवळ्या करत होत्या.

सगळे त्यांना वहिनीच म्हणत. नणंद म्हणायची, गल्ली म्हणायची, दवाखान्यातली नर्सही म्हणायची. पुढच्या खोलीत डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेत आणि तो मागे वहिनींकडे येई. माणूस येत नसे, नुसतं तोंड येई. त्या तोंडावरून वहिनी माणूस ओळखत. हा डाव्या बाजूनं चावतो, ही रात्री दात खाते, हा आयुष्यभर पेनची टोपणं चावत आलाय. डॉक्टर म्हणायचे, "पेशंट मला खोटं सांगतो. तुला सांगायची त्याची टापच नाही."

बुद्धिबळ त्यांच्या आयुष्यात आलं ते प्लास्टरमुळे. साचा ओतला की तो घट्ट व्हायला पाऊण तास लागतो, आणि तोवर त्याला हात लावायचा नाही. डॉक्टर त्या वेळात मागच्या खोलीत येऊन पट मांडायचे. त्यांचा जोडीदार शेजारच्या औषधांच्या दुकानातला कंपाउंडर. तो बदलून दुसऱ्या गावी गेल्यावर डॉक्टर एकटेच दोन्ही बाजूंनी खेळू लागले, आणि कुठल्याही बाजूनं हरले तरी चिडू लागले. एक दिवस वहिनी मेण वितळवता वितळवता सहज म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचा काळा घोडा फुकट मरतोय."

डॉक्टरांनी पटाकडे पाहिलं, मग वहिनींकडे. "तुला कोणी शिकवलं?"

"शिकवायला कशाला पाहिजे? दोन वर्षं तुमचं दोघांचं ऐकतेय."

त्या दिवसापासून जोडीदार मिळाला. वहिनी सहा वर्षं हरल्या. रोज एक डाव, कधी दोन, आणि न चुकता हार. त्यांना त्याचं काही वाटत नसे. साचा ओतायला शिकतानाही पहिले दोनशे साचे फुटलेच होते. सातव्या वर्षी एका मंगळवारी त्यांनी डॉक्टरांना मात दिली. डॉक्टर तडक उठून पुढच्या खोलीत गेले आणि खुर्चीत आ वासून बसलेल्या पेशंटला म्हणाले, "आमच्या बाईंनी मला हरवलं!" पेशंटच्या तोंडात कापूस होता. तो बिचारा नुसताच "आँ" म्हणाला.

पुढे जिंकणं-हरणं निम्म्यावर आलं. तेव्हा डॉक्टरांनीच विषय काढला.

"अगं, तू बाहेर जाऊन खेळ आता. माझ्याशी खेळून तुला फक्त मी कळतो."

"या वयात? लोक काय म्हणतील?"

"काही म्हणत नाहीत. तिथे बोलायला बंदी असते."

त्यांनीच अर्ज भरला. पहिल्या स्पर्धेत वहिनींच्या समोर आठ वर्षांची एक मुलगी आली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते आणि नाकाला सर्दी होती. एकोणीस चालींत तिनं वहिनींना मात दिली, हात मिळवला आणि समजूत घातली, "काकू, उंट लवकर काढायचा असतो."

घरी आल्यावर वहिनींनी हे सांगितलं, तर नणंद हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. ही नणंद मोठी, लग्न न केलेली, पोस्टातून निवृत्त होऊन भावाकडे राहायला आलेली. जीभ तिखट, पण मन मऊ.

"वहिनी, पन्नाशीला आलीस आणि शेंबड्या पोरीकडून हरून आलीस! त्यापेक्षा माझ्याशी पत्ते खेळ."

"वन्सं, तुम्ही पत्त्यांत लबाडी करता."

"मग? घरच्या माणसाशीच करते ना!"

वहिनींचे यजमान शहर बसचे ड्रायव्हर. त्यांना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बायको कुठे जायची म्हणाली की पहिला प्रश्न, "कुठली बस जाते?" आणि तिथवर कुठे उतरून कुठे बदलायचं हे ते कागदावर लिहून द्यायचे. तेवढ्या कागदाच्या जोरावर वहिनी तीन वर्षांत अकरा स्पर्धा खेळून आल्या. त्यांच्या नावापुढे रेटिंग लागलं: चौदाशे बारा. बुद्धिबळाच्या जगात ते म्हणजे नुकतं उभं राहायला शिकलेलं मूल. पण यजमानांनी ते डेपोत सगळ्यांना सांगितलं. चौदाशे बारा कशापैकी, असं कोणी विचारलं तर म्हणत, "ते विचारायचं नसतं."

सांगायची गोष्ट आहे बाराव्या स्पर्धेची. एका शाळेच्या सभागृहात दोन दिवसांत सहा फेऱ्या. लांबच लांब टेबलं, त्यावर हिरवे-पांढरे गुंडाळायचे पट, प्रत्येक पटाशेजारी दोघांचा वेळ वेगवेगळा मोजणारं घड्याळ. पहिल्या चार फेऱ्यांत वहिनींनी दोन डाव जिंकले, एक हरला, एक बरोबरीत सोडवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचव्या फेरीच्या जोड्या भिंतीवर लागल्या. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. समोर होते क्लासचे सर.

गावात बुद्धिबळाचा सगळ्यात मोठा क्लास सरांचा. सभागृहातली निम्मी मुलं त्यांचीच. रेटिंग एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, स्पर्धेत पहिलं मानांकन. आदल्या दिवशी त्यांचाही एक डाव गेला होता आणि एक बरोबरीत सुटला होता, म्हणून ते खाली घसरून वहिनींच्या वाट्याला आले.

यजमानांची त्या दिवशी सुट्टी होती, तेही आले होते. "कोण आहे समोर?" त्यांनी विचारलं.

"पहिला नंबर."

"मग लवकर घरी जाऊ," ते समजुतीनं म्हणाले.

सर आले. अठ्ठावन्न-साठीचे, टापटीप, खिशाला दोन पेनं. त्यांनी नमस्कार केला आणि छान, मोकळं हसले. वहिनींची नजर त्यांच्या दातांवर गेली, ती तिथेच थबकली.

वरचा डावा सुळा किंचित वाकडा होता. अगदी केसभर, पण वाकडा. आपलं अक्षर आपण लांबूनही ओळखतो, तसं वहिनींनी ते ओळखलं. चार वर्षांपूर्वी वरची पूर्ण कवळी करताना डॉक्टर मागे येऊन म्हणाले होते, "पेशंट म्हणतो, एक दात जरा वाकडा बसवा. सगळे सरळ असले तर लोकांना संशय येईल." वहिनींनी तो सुळा तीनदा काढून तीनदा बसवला होता. आज तो समोर बसून त्यांच्याकडे बघत होता. सरांनी अर्थात त्यांना आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. वहिनींनी पांढऱ्या प्याद्याला हात घातला आणि डाव सुरू झाला.

सर भराभर खेळत होते. चाल करायची, घड्याळाचं बटण दाबायचं आणि उठून आपल्या मुलांचे पट बघत फिरायचं. वहिनी मात्र खुर्ची सोडत नव्हत्या. साच्यावर एक एक दात बसवावा तशा त्या मोहरी बसवत होत्या: आधी बाजूचं घट्ट, मग पुढचं. पंधराव्या चालीला सर बसून विचार करू लागले. तेव्हा वहिनींना पहिल्यांदा ऐकू आलं: टक्. थोड्या वेळानं पुन्हा, टक्.

कवळी सैल झाली होती. चार वर्षांत हिरडी आटते. त्यात नवल नाही. पण हा आवाज सर विचारात पडले की यायचा, आणि निवांत असले की थांबायचा. वहिनींना जरा ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्याचं पत्र चुकून उघडलं जावं तसं. त्यांनी मान खाली घातली आणि पटावर लक्ष लावलं. पण कान काही बंद करता येत नाहीत.

तिसाव्या चालीपर्यंत वजीर गेले, घोडे गेले, उंट गेले. दोघांकडे एकेक हत्ती आणि काही प्यादी उरली. डाव समसमान. वहिनींनी हळूच विचारलं, "बरोबरी?"

सर हसले. "इतक्यात, ताई? अजून खूप खेळ आहे."

त्यात तुच्छता नव्हती. पण बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे त्यांचे विद्यार्थी उभे होते, आणि चौदाशे बाराशी बरोबरी करून सर कोणत्या तोंडानं त्यांच्यासमोर जाणार? तिथेच त्यांचं चुकलं. जिंकायचंच म्हणून त्यांनी हत्तीसमोर हत्ती आणून हत्तींची मारामारी पुढे केली. नुसत्या राजा-प्याद्यांच्या खेळात आपण या बाईंना सहज गुंडाळू, असा त्यांचा हिशेब. हत्ती घेण्याआधी वहिनींनी घड्याळातली नऊ मिनिटं खर्च केली. बोटानं टेबलाच्या कडेवर घरं मोजली. माझा राजा प्याद्यांपर्यंत इकडून चार घरं, त्यांचा तिकडून पाच. पुन्हा मोजलं. पुन्हा पाचच आली.

सरांनी एक घर कमी मोजलं होतं.

टक्. टक् टक्.

आता सर खुर्चीतून उठेनासे झाले. दोरीपलीकडे गर्दी वाढली. यजमान गर्दीत घुसून अगदी पुढे आले आणि त्यांच्या मते कुजबुजत, पण बसच्या इंजिनावर बोलायची सवय लागलेल्या आवाजात, शेजारच्याला म्हणाले, "कोण जिंकतंय?"

पंच धावत आले. "अहो काका, बोलायचं नाही!"

"मी कुठे बोललो? मी विचारलं."

वहिनींनी वर पाहिलं नाही, पण त्यांचे कान लाल झाले.

पटावर आता मोजकीच मोहरी होती. एका बाजूला दोघांचं एकेक प्यादं डोक्याला डोकं लावून अडकून पडलं होतं. दोन्ही हलत नव्हती. दुसऱ्या बाजूला वहिनींचा राजा पुढे घुसला होता, त्याच्या शेजारी त्यांचं प्यादं, आणि समोर सरांचा राजा आणि त्याचं शेवटचं मोकळं प्यादं. वहिनींनी ते प्यादं मारलं आणि राजाला शह दिला. त्यांचं प्यादं आता शेवटून दुसऱ्या ओळीत होतं. एक घर पुढे गेलं की वजीर.

सरांनी मोठा सुस्कारा सोडला. खांदे पाडले. राजा उचलून पटाच्या अगदी कडेच्या घरात ठेवला. मग फार सभ्यपणे, आपल्या बाजूला मारून ठेवलेला पांढरा वजीर उचलून वहिनींच्या हाताशी आणून ठेवला. संपलं, घ्या, असंच जणू त्यांचा चेहरा सांगत होता.

वहिनींच्या घड्याळात चार मिनिटं उरली होती. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव! त्यांनी वजिराकडे हात नेला. आणि हात हवेतच थांबला.

आवाज थांबला होता. गेला तासभर चाललेलं टक् टक् एकदम बंद. हरणारा माणूस असा शांत बसत नाही, वहिनींना वाटलं. जबडा गच्च आवळून, श्वास रोखून कोण बसतं? ज्याला काहीतरी घडायची वाट असते तो.

त्यांनी हात मागे घेऊन मांडीवर ठेवला आणि पटाकडे नव्यानं पाहिलं. वजीर केला तर? सरांच्या राजाला जायला किती घरं? एक, दोन, तीन, चार, पाच. पहिल्या दोन घरांवर वजिराचा मारा. तिसरं घरही गेलं. चौथ्यावर आपल्याच राजाचा पहारा. आणि पाचवं, कडेनं एक घर खालचं? तिरकं पाहिलं. तिथेही वजीरच. म्हणजे पाचही बंद. त्यांचं दुसरं प्यादं अडकलेलं, तेही हलत नाही. राजाला शह नाही आणि चालायला एकही चाल नाही. म्हणजे डाव बरोबरीत! सकाळभराची मेहनत एका वजिरापायी पाण्यात.

अगं बाई, थोडक्यात वाचले!

मग काय करायचं? त्यांनी पुन्हा मोजलं. वजीर तिरका चालतो, म्हणून पाचवं घर बंद होतं. प्याद्याच्या बदल्यात वजीरच घ्यावा असं थोडंच आहे! तिरकं न चालणारं काही घेतलं तर? ते घर उघडं राहील. राजा त्या घरात जाईल, जावंच लागेल. आणि तिथे गेल्यावर...

दोन मिनिटं उरली होती. वहिनींनी प्यादं पुढच्या घरात सरकवून उचललं, हाताशी ठेवलेल्या वजिराला वळसा घालून टेबलापलीकडे हात लांबवला, आणि सरांच्या कोपरापाशी पडलेला आपला हत्ती उचलून त्या घरात ठेवला. बटण दाबलं.

गर्दीतून "अरे!" असा आवाज आला. वजीर सगळ्यात मोठा एवढं यजमानांनाही ठाऊक होतं, त्यांना राहवलं नाही. "अगं, वजीर मिळत असताना हत्ती कसला घेतेस?" ते कळवळून ओरडले. पंचांनी त्यांचा दंड धरून त्यांना सभागृहाबाहेर नेऊन सोडलं.

सर सावकाश हसले. ते वाकड्या सुळ्याचं हसू. त्यांच्याकडे एकच चाल होती. हात मिळवून डाव सोडता आला असता, पण तसं न करता त्यांनी राजा त्या उघड्या घरात ठेवला, म्हणजे वहिनींना शेवटची चाल करता यावी. वहिनींनी हत्ती पटाच्या टोकाला नेला. शह आणि मात.

दोरीपलीकडे सरांचे विद्यार्थी टाळ्या वाजवू लागले आणि पंच पुन्हा धावत आले.

मग दोघं बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसले. सरांनी चहा आणला. "ताई, शंभरातले नव्वद जण तिथे वजीर ठेवतात. मी तो सापळा मुलांना शिकवतो. तुम्ही ओळखलात कसा?"

वहिनींना खोटं बोलता येईना. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, कोणी नव्हतं. "सर, राग मानू नका. तुमची वरची कवळी सैल झालीय. विचार करताना वाजते. शेवटी वाजायची थांबली, म्हणून मला संशय आला."

सरांचा हात आपोआप तोंडावर गेला. चेहरा लालबुंद झाला. "हे... हे माझ्या बायकोशिवाय कोणालाच माहीत नाही!"

"मला आहे. मीच केलीय ती. तो वाकडा सुळा मी तीनदा बसवलाय."

सर असे हसले, असे हसले की चहा सांडला आणि कवळी धरायची वेळ आली. "म्हणजे माझ्याच दातांनी मला चावा घेतला!"

"तसं नाही हो. घरं मी मोजली," वहिनी जरा ठसक्यात म्हणाल्या.

"मोजलीत. माझ्यापेक्षा एक जास्त मोजलंत," सर म्हणाले. "तो हत्तींचा खेळ मी विनाकारण सोडला."

"बुधवारी दवाखान्यात या. आतून अस्तर लावून देते. अर्ध्या दिवसाचं काम."

यजमान फाटकापाशी उभे होते. पंच परत आत घेईनात. "हरलीस ना त्या हत्तीपायी?" त्यांनी दुरूनच विचारलं. जिंकले म्हटल्यावर त्यांना आधी खरंच वाटेना, मग त्यांनी हत्ती का घेतला ते समजावून घ्यायचा प्रयत्न केला, आणि तिसऱ्यांदा ऐकल्यावर म्हणाले, "म्हणजे मोठी गाडी गल्लीत अडकते, तिथे छोटी घालायची."

"अगदी तसंच," वहिनी म्हणाल्या, आणि मनाशी म्हणाल्या, बरं आहे, याहून सोपं डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं.

डॉक्टरांना त्यांनी तिथूनच फोन लावला. लिहून घेतलेल्या सगळ्या चाली एकामागून एक वाचून दाखवल्या, कवळीच्या आवाजाचंही सांगितलं. मग डॉक्टर म्हणाले, "सव्विसाव्या चालीला तुला एक प्यादं फुकट मिळत होतं."

"डॉक्टर! मी जिंकले."

"ते ऐकलं मी. तरी प्यादं मिळत होतं." आणि मग हळूच म्हणाले, "शाब्बास गं."

"आणि ते आवाजाचं? ते बरं झालं का, डॉक्टर? मला अजून खटकतंय."

"समोरच्याकडे बघायला बंदी नाही. पण पुढच्या वेळी तुझ्याच पेशंटशी गाठ पडली तर आधी कवळी घट्ट करून दे आणि मग खेळ."

दुपारी सहावी फेरी झाली. समोर कॉलेजात जाणारी एक मुलगी होती, हातात मेंदी नाही, अंगठी नाही, फक्त शाईचे डाग. तिनं वहिनींना बत्तीस चालींत साफ धुतलं. डोक्यात अजून सकाळचाच डाव घोळत होता, त्याला कोण काय करणार? चौऱ्याऐंशी जणांत वहिनींचा नंबर एकतिसावा आला.

बक्षीस समारंभात मात्र त्यांचं नाव पुकारलं गेलं. पन्नास वर्षांवरील महिलांत पहिल्या. पन्नास वर्षांवरील महिला एकच होती, ही गोष्ट निराळी. आयोजकांनी सगळी बक्षिसं मुलांचा विचार करून आणली होती, त्यामुळे सरांच्या हस्ते वहिनींना मिळालं एक निळं दप्तर, त्यावर उड्या मारणारं अस्वल, आणि आत नळी असलेली पाण्याची बाटली. सरांनी ते देताना माईकवर सांगितलं, "या ताईंनी आज मला एक धडा दिला आहे. तो मी उद्या वर्गात शिकवणार आहे." धडा कुठला, ते त्यांनी सांगितलं नाही.

घरी नणंद वाटच बघत होती. तिनं दप्तर हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, चेन ओढून बघितली.

"पहिल्या नंबराला हरवून हे मिळालं?"

"हे वेगळ्यासाठी मिळालं. हरवल्याबद्दल काही मिळत नाही."

"मग हरवलं कशाला?"

वहिनी नुसत्या हसत राहिल्या, गाल दुखेपर्यंत. नणंद म्हणाली, "बरं, बस. पाणी देते. आणि ते हत्तीचं काय ते मला नीट सांग. तो दारातूनच काहीतरी छोट्या गाडीचं बरळत आलाय."

वहिनींनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सरांचा राजा म्हणून मिठाची बाटली, दोन वाट्या आणि चमचे मांडून तो शेवट पुन्हा करून दाखवला. नणंदेनं मिठाच्या बाटलीला तीनदा कोंडलं आणि तिन्ही वेळा डाव बरोबरीत सुटला, कारण तिला वजीरच हवा होता. चौथ्यांदा तिनं हत्ती घेतला.

सोमवारी वहिनी अस्वलाचं दप्तर पाठीला लावून कामावर गेल्या. डबा त्यात छान बसत होता. नळीची बाटली मात्र नणंदेनं ठेवून घेतली.